एका शब्दापायी मातीत

परगावी गेल्यावर पोटभर खावं, गावच्या देवाला नमस्कार करावा, भेटेल त्याच्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात, पण भाषण करू नये. हे शहाणपण मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कोल्हापुरात, घोटाभर लाल मातीत उभा असताना आलं. औरंगाबादला परतून आठ दिवस झाले. हातावरचे फोड बसलेत, लेखणी धरवते, म्हणून लिहायला घेतलं. ज्यांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांना थोडी माहिती मिळेल. ज्यांनी पाहिलं आहे त्यांची माझ्या फजितीवर करमणूक होईल. दोन्हींपैकी काहीही झालं तरी माझी हरकत नाही.

जाण्याचं कारण माझे साडू आनंदराव. ते शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत फोरमन आहेत, राहतात शिवाजी पेठेत, आणि पेठेतल्या एका तालमीचे सेक्रेटरी आहेत. दिवाळीआधी त्यांचा आमच्या शाळेत ट्रंक कॉल आला. ट्रंक कॉल म्हणजे कुणीतरी गेलं, अशा समजुतीनं हेडमास्तरांनी मला आधी खुर्ची दिली, मग पाण्याचा पेला दिला आणि मगच फोन दिला.

"साडूभाऊ," पलीकडून आरोळी आली, "भाऊबीज झाली की या. तालमीत तुमचं व्याख्यान ठेवलंय."

"विषय काय?"

"काय बी बोला. लोकं हसली पायजेत. दोन्हीकडची."

'दोन्हीकडची' म्हणजे कुठली, हे मी विचारायला हवं होतं. पण मी हौशी नट. समोर लोक बसणार आहेत एवढं कळलं की माझा बाकीचा मेंदू बंद पडतो. फोन खाली ठेवेपर्यंत मला विषयही सुचला होता. तालमीत बोलायचं, तर 'तालीम' याच शब्दावर बोलायचं!

हमीद मास्तरांची शिदोरी

आमच्या शाळेत उर्दू शिकवणारे हमीद मास्तर म्हणजे शब्दांचे सराफ. कुठलाही शब्द त्यांच्या हातात द्यावा, ते तो घासून, वास घेऊन, कुठल्या गावचा ते सांगतात. मधल्या सुटीत मी त्यांना गाठलं.

"तालमीत व्याख्यान आहे?" ते म्हणाले. "वा! मदरसा मोठा आहे का?"

"मदरसा नाही हो. कुस्तीचा आखाडा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नव्यानं बघितलं. "हे बघा. ऐन, लाम, मीम. अरबीतली तीन अक्षरं. यातून निघतो इल्म, म्हणजे जाणणं. जाणतो तो आलिम. जे जाणलं ते मालूम. आणि दुसऱ्याला जाणतं करणं म्हणजे तालीम. आमच्या उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पुस्तकातलं, स्वच्छ कपड्यांतलं. तुम्ही मराठी लोकांनी त्याला लंगोट कधी नेसवला?"

मला ते ठाऊक नव्हतं, पण आमच्या मराठीनं त्याला लंगोट नेसवून झाल्यावर रंगही फासला, हे मी त्यांना सांगितलं. मी स्वतः वीस वर्षं नाटकाच्या तालमी करत आलो आहे. मास्तरांना मजा वाटू लागली. ते म्हणाले, तुर्कांकडे हा शब्द फौजेत भरती झाला. तिथं तालीम म्हणजे कवायत. आणि हिवाळ्यात आमच्या गल्लीत शाली विकायला येणारा काश्मिरी सांगत होता, की त्याच्या गावात गालिच्याच्या नक्षीचा जो खुणांनी भरलेला कागद असतो त्याचं नाव तालीम. एक माणूस तो कागद गाणं म्हटल्यासारखा मोठ्यानं वाचतो आणि मागावर बसलेले विणकर ऐकत ऐकत गाठी मारतात. त्यात मी बडोद्याच्या थोरल्या बहिणीची भर घातली. ती शिक्षिका व्हायच्या आधी जे शिकली त्याला गुजराती लोक तालीमच म्हणतात. गवयांची तालीम तर सगळ्यांना माहीत. उस्तादासमोर वर्षानुवर्षं एकच सूर लावत बसायचं.

अशी भरगच्च शिदोरी बांधून मी निघालो. वाटेतल्या एस.टी.बद्दल लिहीत नाही. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला आहे त्यांना ती आठवण नको असेल.

शिवाजी पेठ, पहिला दिवस

कोल्हापुरात आदरातिथ्य आणि भांडण यांचा आवाज एकच असतो. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. आमच्या औरंगाबादला पाहुण्याला 'तशरीफ ठेवा' म्हणतात, दोन तास गोड बोलतात आणि चहाचं नाव निघेपर्यंत पाहुणा उठून जातो. इथं मी गल्लीत शिरलो तेवढ्यात तीन अनोळखी माणसांनी मला दरडावून विचारलं, "कुठलं पावणं? कुणाकडं? च्या घेतला का?" तिसऱ्यानं तर माझी पिशवीच हिसकावली. मी ओरडणार होतो, पण तो ती घेऊन आनंदरावांच्या दारापर्यंत चालत गेला, उंबऱ्यावर ठेवली आणि "बसा की निवांत" असं खेकसून निघून गेला.

माझी मेहुणी सुशी दारात आली. "दाजी, किती वाळलासा!" ती म्हणाली. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. पण कोल्हापुरात हे वाक्य पाहुण्याच्या प्रकृतीबद्दल नसतं, स्वयंपाकघरातल्या तयारीबद्दल असतं.

दुपारी तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. पांढरा आधी प्यायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नान-खलियाच्या गावचा माणूस. तिखटाची मला भीती नाही, अशा तोऱ्यात मी तांबड्याची वाटी उचलून तोंडाला लावली. पुढचा काही काळ मला मराठी येत नव्हतं. आनंदरावांच्या आई माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. त्यांचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. त्यांनी पांढऱ्याची वाटी माझ्या हातात दिली आणि माझा जीव ताळ्यावर आल्यावर विचारलं, "उद्या कशावर बोलणार म्हणं?"

"तालमीवर, आत्याबाई."

"आमच्याकडं पैलवान जात्यात ती गरडी. आन तालीमु म्हंजे सराव. दांडपट्ट्याचाबी तालीमु, नाटकाचाबी तालीमुच की."

मी आनंदानं मांडीवर थाप मारली. जेवता जेवता कानडी मिळाली होती. शिदोरीत आणखी एक दशमी!

संध्याकाळी आनंदराव मला आधी दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेले. म्हशी रांगेनं उभ्या, समोर धार काढलेलं दूध तसंच पेल्यात, वर बोटभर फेस. आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. इथं म्हैस आणि माणूस यांच्यामध्ये फक्त पेला असतो. मिशीला फेस घेऊन मी तालमीत शिरलो.

तालीम म्हणजे कौलारू, लांबोडी इमारत. शिरल्यावर मारुतीचा कोनाडा, पुढं हौद. हौद म्हणजे कुस्तीचा आखाडा: कमरेएवढा कठडा आणि आत लाल माती. मारुतीच्या शेजारी जाळीच्या पिशवीत फुटबॉल टांगलेले होते. पेठेतली पोरं आता फुटबॉलची झालीत, हे आनंदरावांनी मला कुजबुजत सांगितलं. हौदात एकटा म्हातारा माणूस खाली बसून मातीतले खडे वेचत होता.

"वस्ताद, हे आमचं साडू. औरंगाबादचं मास्तर."

ज्ञानू वस्ताद उठले. सत्तरीचे असतील. कान फुटून फुलकोबीसारखे झालेले, मान खांद्यातच. तालमीच्या मागच्या खोलीत ते एकटे राहतात आणि चाळीस वर्षं हा हौद सांभाळतात. त्यांनी मला बाजारात बैल बघावा तसं खालून वर बघितलं.

"वजन किती?"

"ब्याऐंशी किलो."

"त्यातलं कामाचं किती?"

मी हसलो. ते हसले नाहीत. परत खडे वेचू लागले.

दुसरा दिवस, व्याख्यान

संध्याकाळी सहाला तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मारुतीसमोर टेबल, टेबलावर फुलदाणी, लोक चटयांवर, कठड्यावर, खिडकीत. हौदाच्या उजवीकडे पंचे गुंडाळलेली वयस्कर मंडळी, डावीकडे पँटवाली तरुण पोरं. ही बसण्याची सोय असेल, असं मला वाटलं.

त्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल मी खोटी नम्रता दाखवणार नाही. मी सुंदर बोललो. अरबस्तानातून शब्द उंटावर बसवून आणला. तुर्की हवालदार होऊन टेबलाभोवती कवायत केली, तेव्हा म्हातारे हसले. काश्मिरी होऊन नक्षीचा कागद गाऊन वाचला आणि समोरच्या पोरांना हवेत गाठी मारायला लावल्या, तेव्हा पोरं हसली. मग गवई झालो, गुजराती पंतोजी झालो, आत्याबाईंची परवानगी न घेता आत्याबाई झालो. सगळी तालीम एका सुरात हसत होती. आनंदराव तर डोळे पुसत होते. आणि मग, देवा, मी समारोप केला.

"तेव्हा मंडळी, कुठल्याही भाषेत जा, तालीम म्हणजे शिकणं! जिथं माणूस शिकतो ती तालीम. मग त्याच्या हातात गदा असो, तंबोरा असो, नाहीतर पुस्तक असो!"

टाळ्या, शिट्ट्या. मी दोन्ही हात जोडून, मान किंचित तिरकी करून उभा राहिलो. नाटकात नायक मेल्यावर पडदा पडतो आणि परत उघडतो, तेव्हा मी असाच उभा राहतो.

टाळ्या थांबल्या तरी डावीकडचा एक तरुण उभाच होता. रुंद खांदे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"पावण्यांनी लई बरोबर सांगिटलं," तो म्हणाला. "आमी दिवाळीआधी अर्ज दिलाय. हौद बुजवायचा, फरशी घालायची, टेबलं टाकून अभ्यासाची खोली करायची. तालमीत पुस्तकाचं काय काम, असं वस्ताद म्हणत हुते. आता मास्तरांनी सात भाषांतनं उत्तर दिलंय. हौदात तीन वर्सांत कोण उतरलंय? परवा रविवारी सभा घ्या आन मिटवा."

डावीकडून पुन्हा टाळ्या. या टाळ्या माझ्याच भाषणाला होत्या आणि मला त्या ऐकवेनात. मी आनंदरावांकडे बघितलं. ते छपराच्या वाशांकडे बघत होते.

ज्ञानू वस्ताद कठड्यावरून उठून माझ्यासमोर आले.

"बोललासा ब्येस," ते म्हणाले. "आमच्यात रीत हाय, मास्तर. हौदाबद्दल ज्यानं त्वांड उघडलं त्येनं एकदा हौद खणायचा. राजा असू दे न्हाईतर मास्तर. उद्या सकाळी पाचला या."

घरी येताना मी आनंदरावांना धारेवर धरलं. "पेठेत दोन तट आहेत, हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगटलं असतं तर आला असता?" ते म्हणाले. "मला वाटलं, दोन्हीकडची एकदा एकत्र हसली की मिटंल. हसली बी हुती, साडूभाऊ. तुमी शेवट करायला नको हुता."

आयुष्यभर नाटकांची परीक्षणं वाचत आलो. इतकं अचूक परीक्षण वाचलं नव्हतं.

तिसरा दिवस, खोरं आणि मिरची

पहाटे पाचला मी पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत हौदाच्या कडेला उभा होतो. वस्तादांनी चड्डीकडे बघितलं आणि काही बोलायचं टाळलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. चिमूटभर माती कपाळाला लावून आत उतरायचं. हातात खोरं. एका कोपऱ्यापासून ओळीनं खणत जायचं, ढेकूळ दिसलं की फोडायचं, मागं माती मऊ पडली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. चौथ्या घावाला माझ्या कमरेनं हरकत घेतली. दहाव्याला तळहातांनी.

"माती मारू नका, मास्तर. तिला उठवायचं हाय."

मी उठवत होतो आणि स्वतः बसत होतो. पण खणताना मातीचा वास वर आला, आणि खरं सांगतो, मी थांबलो. ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर. स्वयंपाकघर आणि देवघर एकत्र नांगरल्यासारखा वास.

"ही माती कुठली?" मी विचारलं. दम घ्यायला प्रश्नासारखं साधन नाही.

"हा हौद नवा पाडला तवा दुसऱ्या पेठेतल्या हौदाची पाटीभर आणली हुती. दुधाला इरजण लावत्यात तशी. हौदाची माती कवा फेकत न्हाईत. हौद बंद झाला तर दुसऱ्या हौदाला द्यायची. आन पयली पाटी, ज्यानं बंद करा म्हटलं, त्येनंच भरायची. लंगोट लावून, आत उतरून."

"म्हणजे त्या सर्जेरावानं?" रात्री जेवताना आनंदरावांनी मला त्या तरुणाचं नाव सांगितलं होतं.

वस्तादांनी एक ढेकूळ बोटांनी चुरलं. "भरंल की. माझ्याच हाताखालचा हाय त्यो. आठ वर्सं. असं खणणारं पोरगं पेठेत दुसरं न्हवतं. बाप गेला आन सुटला हौद."

"तुम्ही त्याला बोलावलं नाही?"

"बोलवून येत्यात ते पावणं. पोरं आपल्या पायानं येत्यात."

माझा एक कोपरा झाला तेव्हा उजाडलं होतं. बाकीचा हौद म्हाताऱ्यानं मी तीनदा पाणी प्यायलो तेवढ्या वेळात संपवला.

दुपारी मी सर्जेरावाचं घर शोधत गेलो. भाषणानं जे बिघडवलं ते बोलून दुरुस्त करता येईल, एवढा विश्वास मला माझ्या जिभेवर अजून होता. घर मिरची कांडपाच्या वर. खाली मशीनची मुसळं सकाळपासून मिरच्या कुटतात, वरच्या दोन खोल्यांत सर्जेराव, आई, तीन भावंडं आणि आजोबा राहतात. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मला पहिली शिंक आली. त्यानंतर आमचं जे संभाषण झालं त्यातली माझी निम्मी वाक्यं शिंकांची होती. त्याच्या आईनं मला गूळपाणी दिलं आणि "सवय न्हाई पावण्यांस्नी" म्हणून पदरानं वारा घातला.

"पहाटे साडेपाचपासनं नऊपर्यंत डेअरीत कॅन चढवतो," सर्जेराव म्हणाला. त्याच्या पुस्तकांवर तांबूस धूळ होती. "नंतर अभ्यास. बँकेच्या परीक्षेला दोनदा बसलो. दोन्ही वेळेला थोडक्यात गेली. हितं बसून पान उलटलं की डोळ्याला पाणी. तुमीच सांगा, मास्तर, शिकायचं कुठं?"

मी शिंकलो.

"हौद नको असं मी कुठं म्हंतोय? मला बसायला जागा पायजे. पेठेत दुसरी मोकळी जागा दावा, आत्ता अर्ज फाडतो."

"वस्तादांशी बोलून बघ."

"तीन वर्सं झाली," तो म्हणाला, "त्यांनी माझ्याकडं मान वर करून बघितलं न्हाय. मी रोज तिकडनंच जातो डेअरीला. त्यांच्या खोऱ्याचा आवाज आल्याबिगर मी गल्लीतनं फुडं जात न्हाय. पर आत बोलवत न्हाईत."

"पहिली पाटी तुला भरावी लागेल, हे ठाऊक आहे?"

"ठावं हाय की." त्यानं पेन उघडलं आणि परत बंद केलं. "भरतो म्हटलंय न्हवं."

मी जिना उतरलो तो डोळे पुसत. मिरचीमुळे, वाचकांनी उगाच दुसरा अर्थ काढू नये. मला काहीही दुरुस्त करता आलं नव्हतं, आणि दोघंही बरोबर होते, ही नाटकातली सगळ्यात वाईट जागा असते. लेखकाला अशा वेळी कुणालातरी मारावं लागतं.

चौथा दिवस, पहिली पाटी

रविवारी सकाळी साडेनऊला सभा हौदाभोवतीच भरली. सर्जेराव डेअरीवरून थेट आला होता. आनंदरावांनी अर्ज वाचला, तोही असा, की जणू दुसऱ्या कुठल्या तरी गावातला आहे. मग म्हणाले, "वस्ताद, तुमचं काय म्हणणं?"

"माझी ना न्हाय," ज्ञानू वस्ताद म्हणाले.

पंचेवाल्यांच्या बाजूनं एकदम गलका झाला. वस्तादांनी हात वर केला. "माणसं येत न्हाईत. एकट्या म्हाताऱ्यासाठी हौद ठेवायचा म्हंजे देवळात पुजारीच देव झाल्यागत. गगनबावड्याच्या वाटंवर एका गावात पोरं नवा हौद पाडाय लागल्यात. त्यांचा निरोप आलाय. माती तिकडं द्या. ये, सर्जा. पाटी भर."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं, आणि ते यासाठी.

सर्जेराव मागं गेला. परत आला तो लंगोटावर. इस्त्रीच्या शर्टात जो कारकून दिसत होता तो पैलवान होता. वाकून त्यानं माती कपाळाला लावली, आत उतरला आणि रिकामी पाटी हातात घेतली.

वस्तादांनी त्याच्या हातात खोरं दिलं. "न खणता माती भरत न्हाईत. इसरलास व्हय?"

सर्जेरावानं पाटी बाजूला ठेवली आणि पहिला घाव घातला. पाटीपुरतं खणायचं, तर दोन हात जागा पुरे. पण त्यानं कोपरा धरला. आदल्या दिवशी मी तोच कोपरा धरला होता, म्हणून मला फरक कळला. खोरं पडत होतं आणि आवाज येत नव्हता. माती उलटी होऊन आपल्या जागी निजत होती. एक ओळ झाली, दुसरी झाली. सभा ताटकळली. एकानं घड्याळ बघितलं, शेजाऱ्यानं त्याच्या मनगटावर चापट मारली. हौदाच्या मध्यावर आल्यावर त्याच्या पाठीवरून घाम ओघळू लागला, मातीत पडू लागला, आणि तो थांबला नाही. शेवटची ओळ संपवून तो उकिडवा बसला. मूठभर माती घेऊन त्यानं ती दाबली, चुरली, नाकाशी नेली.

"ताक कमी पडलंय," तो म्हणाला.

"गवळ्याची म्हस आटलीया," वस्ताद म्हणाले.

"मग डेअरीतनं न्यायचं की! मी हाय न्हवं तितं!"

"तुला सांगणार कोण? तू बोलतोस काय माझ्यासंगट?"

"मी बोलत न्हाय? तुमी बोलत न्हाई! तीन वर्सं गल्लीत हुबा ऱ्हातोय मी!"

"मग आत यायला पाय मोडलं हुतं?"

"तुमी बोलवायचं न्हाई!"

"घरात यायला बोलावणं लागतंय व्हय रं?"

दोघंही असे ओरडत होते, की बाहेरून जाणारा माणूस सोडवायला आत आला असता. आला नाही. कोल्हापुरात आवाजावरून कुणी घाबरत नाही. सर्जेरावानं पाटी उचलली आणि कठड्याबाहेर फेकली. ती आनंदरावांच्या पायाशी जाऊन पडली.

"मी न्हाय भरत," तो म्हणाला. "कुणाला भरायची आसंल त्येनं उतरावं."

डावीकडे बसलेल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. अर्ज ज्याचा, पाटी त्याची. रीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीही जागचं हललं नाही.

"आन तुझी परीक्षा?" वस्तादांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"बघू."

"बघू काय? दोनदा थोडक्यात गेलीया म्हणं तुझी. सगळी पेठ सांगत्या मला." ते वळले. "आनंदा, माझी मागची खोली मोकळी कर. तितं टेबलं लागत्यात. मी कठड्याला पडतो. चाळीस वर्सं खोलीत कमी आन हितंच जास्त निजलोय."

"न्हाय, वस्ताद," सर्जेराव एकदम म्हणाला. "तुमाला भाईर काढून मी शिकू? थंडीचं दिवस हायत."

"तूच म्हणत हुतास की खोली पायजे!"

"तुमची न्हाय!"

"माझी कुठली? तालमीची हाय!"

आता वस्ताद अभ्यासाच्या खोलीसाठी भांडत होते आणि सर्जेराव वस्तादांच्या हौदासाठी. दोन्हीकडची माणसं आ वासून बघत होती. कुणाच्या बाजूनं बोलायचं ते कुणालाच कळेना. आनंदरावांनी संधी साधली. अर्ज चार घड्या करून खिशात घातला आणि जाहीर केलं, की खोलीत टेबलं लागतील, वस्तादांची खाट मारुतीच्या कोनाड्याशेजारी आडोसा करून लागेल, आणि जो त्या खोलीत पुस्तक उघडेल त्यानं आधी एक ओळ हौद खणायचा.

"मी नऊशिवाय येत न्हाय," सर्जेराव म्हणाला.

"नऊ तर नऊ," वस्ताद म्हणाले. "मातीला घड्याळ न्हाय."

माझी एस.टी. अकराची होती. मी निरोप घ्यायला वस्तादांसमोर वाकलो. त्यांनी माझा हात धरला, तळहात उलटा करून फोड बघितले आणि पहिल्यांदा हसले.

"भाषाण चांगलं हुतं, मास्तर. पर तुमी खणलेला कोपरा सर्जाला परत खणाय लागला."

हमीद मास्तरांना मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आहे. मराठीनं त्यांच्या शब्दाला लंगोट कधी नेसवला, ते अजून आम्हा दोघांनाही सापडलेलं नाही. 'नेसवला तो बरा केला,' एवढं मात्र ते म्हणाले.

त्या दिवशी मी तालमीच्या दाराशी पोहोचलो तरी वस्ताद आणि सर्जेरावाचं चालूच होतं. आता प्रश्न विजेच्या वायरीचा होता. खोलीत दिवा नव्हता, आणि वायर न्यायची ती भिंतीकडेनं की हौदावरून, यावर एकमत होत नव्हतं.

"हौदावरनं ने," वस्ताद म्हणत होते. "मधी एक दिवा सोड. पहाटं खणताना उजेड पडंल."

"लोंबती वायर पैलवानाच्या डोक्याला लागंल, वस्ताद!"

"मग डोकं खाली ठेवून लढायचं, लेका. तेच शिकवतोय की चाळीस वर्सं!"